एचआरला मेल केल्याने मुदत थांबत नाही

गोरेगावच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. अंधेरीतल्या एका खासगी कंपनीत त्या नऊ वर्षं आहेत. हुद्दा ‘असिस्टंट मॅनेजर’, पगार ४६ हजार. बाळंतपणाची रजा संपवून ८ डिसेंबरला कामावर गेल्या, तर त्यांचं काम दुसऱ्याला दिलेलं आणि त्यांची खुर्ची स्टोअरच्या दाराशी नेऊन ठेवलेली. १६ जानेवारीला त्यांनी एचआरला मेल केला. त्यानंतर २० जानेवारीला आणि पुन्हा १० मार्चला वरिष्ठांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांच्या शरीरावरून अश्लील शेरे मारले. २० मार्चच्या स्मरणपत्रात त्यांनी हे शेरे शब्दशः लिहिले. १७ एप्रिलला वेतनवाढीचं पत्र आलं, त्यात वाढ शून्य. शेजारी बसून तेच काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्याला वाढ मिळाली, आणि त्याचा पगार मुळातच सात हजारांनी जास्त असल्याचंही तेव्हाच कळलं. २ जूनला एचआरचं उत्तर आलं, ‘आपल्या तक्रारीवर प्रक्रिया सुरू आहे.’ आता ओळखीतले एक वकील म्हणतात, सहा महिने उलटले, मुदत संपली. ताई विचारतात, खरंच सगळं संपलं का?

नाही, ताई, संपलेलं नाही. पण काही दारं बंद झाली आहेत, एक अर्धवट उघडं आहे, आणि एक १६ जुलैला बंद होणार आहे. हे उत्तर मी ३ जुलैला लिहितो आहे, म्हणजे त्या दाराला तेरा दिवस उरले आहेत. म्हणून आधी तेच सांगतो.

आपल्याकडे खासगी नोकरीतल्या भेदभावासाठी एक सलग कायदा नाही. बाईला कमी पगार दिला तर एक कायदा, लैंगिक छळ झाला तर दुसरा, अपंगत्वावरून डावललं तर तिसरा, पक्षपात केला तर चौथा. प्रत्येकाची कचेरी वेगळी आणि मुदतही वेगळी. माणूस मात्र आपलं दुःख एकच समजतो आणि ‘माझ्यावर अन्याय झाला’ अशी एकच कहाणी घेऊन येतो. आमचं पहिलं काम म्हणजे ती कहाणी तारखांमध्ये मोडणं. कोऱ्या कागदावर डावीकडे तारीख, मध्ये घटना, उजवीकडे त्या घटनेची मुदत. तुमच्या वकिलांनी पहिली तारीख धरून सगळ्याचा निकाल लावला. तुमच्या कागदावर मात्र किमान चार वेगळ्या घटना आहेत आणि प्रत्येकीची मुदत स्वतंत्र चालते.

वांद्र्याच्या कोर्टात ज्याला सगळे ‘यूएलपी’ म्हणतात, ती अनुचित कामगार प्रथेची तक्रार महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली होते. त्याच्या चौथ्या अनुसूचीत पाचवी बाब आहे: गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं. कलम २८ प्रमाणे घटना घडल्यापासून ९० दिवसांत तक्रार दाखल व्हावी लागते. चांगलं आणि पुरेसं कारण दाखवलं तर त्यानंतरही कोर्ट ती घेऊ शकतं. पण ते कोर्टाच्या हातात, तुमच्या नाही. ८ डिसेंबरला काम काढून घेतलं, त्याचे ९० दिवस ८ मार्चलाच संपले. १७ एप्रिलच्या पत्राचे मात्र १६ जुलैला संपतात. म्हणून ताज्या घटनेवर तक्रार मुदतीत दाखल करायची, डिसेंबरची घटना त्याच पक्षपाताची सुरुवात म्हणून तीत मांडायची, आणि तिच्यापुरता विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा. समोरचे वकील दोन गोष्टी उभ्या करतील, त्यांचीही तयारी ठेवा: कायद्यात ‘गट’ म्हटलंय आणि तुम्ही एकट्या आहात, आणि तुम्ही मुळात कामगारच नाही. दुसऱ्या मुद्द्यावर पुढे सविस्तर येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून ‘जुनं सगळं गेलं’ असं कानावर येतं. औद्योगिक संबंध संहितेने जे तीन कायदे रद्द केले, ते औद्योगिक विवाद कायदा, कामगार संघटना कायदा आणि स्थायी आदेशांचा कायदा. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा त्या यादीत नाही. म्हणून ९० दिवस पाळायचेच. दोन मुदतींपैकी कुठली लागू याचा वाद संभवत असेल, तर मी नेहमी छोटी धरतो. लवकर आल्याबद्दल कुठल्याही कोर्टाने कुणाला परत पाठवलेलं मी पाहिलेलं नाही.

आता त्या मेलविषयी. गेल्या पंचवीस वर्षांत जितकी मुदतबाह्य प्रकरणं माझ्या टेबलावर आली, त्यातल्या बहुतेकांचं मूळ याच समजुतीत होतं: आपण वर कळवलंय, उत्तर येईपर्यंत थांबायला हवं, नाहीतर आपणच घाई केली असं दिसेल. हा भलेपणा आहे, आणि त्याची किंमत नेहमी कर्मचारीच मोजतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८९ मध्ये एस. एस. राठोड यांच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की कायद्याने न नेमलेली निवेदनं वारंवार दिली म्हणून मुदत वाढत नाही. प्रकरण सरकारी नोकरीतलं होतं, पण तत्त्व सगळीकडे लावलं जातं. २००८ मध्ये सी. जेकब प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: शिळ्या मागणीला कुणी उत्तर दिलं म्हणून ती ताजी होत नाही. म्हणजे २ जूनच्या ‘प्रक्रिया सुरू आहे’ या मेलवर तुमची कुठलीही मुदत उभी राहणार नाही.

तरीही ते मेल टाकाऊ नाहीत. उशीर का झाला हे सांगताना त्यांच्यासारखा पुरावा नाही. तुम्ही झोपला नव्हता, दाद मागत होता, आणि कंपनीने तुम्हाला आशेवर ठेवलं, हे त्यातून दिसतं. विलंब माफीच्या अर्जात ‘प्रकृती अस्वास्थ्य व कौटुंबिक अडचणी’ हे ठरावीक वाक्य असतं, ते वाचून न्यायाधीश पान उलटतात. त्याऐवजी तारखा लिहा. अमुक दिवशी मेल केला, अमुक दिवशी बाळाला दवाखान्यात दाखल केलं, कार्ड जोडलंय, अमुक दिवशी स्मरणपत्र दिलं. एक एक आठवडा हिशेबात आला पाहिजे.

आता शेऱ्यांविषयी, कारण इथे मुदत सगळ्यांत कडक आहे. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात, त्याच्या कलम ९ प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीतल्या अंतर्गत समितीला पटलं तर, कारणं लेखी नोंदवून, ती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे नाही. तुमची शेवटची घटना १० मार्चची. तीन महिने १० जूनला संपले, वाढीव तीन १० सप्टेंबरला संपतील. हेच ते अर्धवट उघडं दार.

‘मला अजूनही स्टोअरपाशीच बसवलंय, म्हणजे छळ चालूच आहे’ असं म्हणून मुदत लांबवता येईल का? इथे फार जपून राहा. १२ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात नेमका हाच प्रश्न सोडवला. लैंगिक छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ ची होती, तक्रार डिसेंबर २०२३ मध्ये झाली. मधे ऑगस्टमध्ये तक्रारदार प्राध्यापिकेला एका पदावरून दूर केलं होतं. तो छळाचाच पुढचा भाग, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, ते प्रशासकीय पाऊल होतं, त्यामुळे मालिका पुढे सरकत नाही, आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. तुमची खुर्ची हलवणं आणि वाढ नाकारणं हे छळाच्या मुदतीत मोजलं जाईल यावर विसंबू नका.

तुमच्या हाताशी मात्र एक गोष्ट आहे, जी फार थोड्या जणींकडे असते. २० मार्चच्या मेलमध्ये तुम्ही शेरे शब्दशः लिहिले आणि तो घटनेनंतर दहाव्या दिवशी गेला. एचआरने तो अंतर्गत समितीकडे पोचवायला हवा होता. समितीला अर्ज देताना हेच मुख्य कारण लिहा: मी मुदतीत लेखी कळवलं होतं, समिती कोण हे मला कुणी सांगितलं नाही, मेलची प्रत जोडली आहे. तुम्हाला वाटतं तो मेल म्हणजेच तक्रार, आणि तुमचं वाटणं योग्य आहे, तसा मुद्दा अर्जात घ्याच. पण त्यावरच थांबू नका. नवी तक्रार समितीच्या अध्यक्षांच्या नावे, सहा प्रतींत, साक्षीदारांची नावं-पत्ते आणि कागदांसह द्या, आणि शेवटच्या परिच्छेदात मुदतवाढ स्वच्छ शब्दांत मागा. मुदतवाढ मागितलीच नाही म्हणून गेलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. ते दुःख फार वाईट, कारण समिती द्यायला तयार होती.

समितीपुढे तुमच्या वतीने वकील उभा राहू शकत नाही, दोघांनाही ती बंदी सारखी आहे. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत तुमच्या हातात पडायला हवा, आणि निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. ती शिल्लक रजेतून कापत नाहीत, हे बहुतेकींना ठाऊक नसतं. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल किंवा दहापेक्षा कमी माणसांच्या कार्यालयात समितीच नसेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. अंधेरीचं कार्यालय उपनगरात मोडतं.

आता पगाराच्या फरकाचं, जिथे तुम्ही सगळ्यांत भक्कम आहात. वेतन संहितेच्या कलम ३ प्रमाणे त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करता येत नाही. दाव्याची मुदत तीन वर्षं. जुन्या वेतन प्रदान कायद्यात ती बारा महिने आणि किमान वेतनाच्या कायद्यात सहा महिने होती, तिथपासून ही मोठी सुधारणा आहे. शिवाय इथे ‘तुम्ही कामगार नाही’ हा अडथळा येत नाही, कारण या संहितेत ‘कर्मचारी’ या शब्दात व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी काम करणारेही धरले आहेत. हुद्द्यात ‘मॅनेजर’ आहे म्हणून घरी बसलेल्या बायकांना मी हे कलम पुन्हा पुन्हा दाखवतो. देय रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे.

मुंबईचंच एक जुनं प्रकरण इथे सांगायला हवं. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांना जास्त आणि बायकांना कमी पगार होता. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली, त्यांनी समान वेतनाच्या कायद्याखाली दाद मागितली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८७ मध्ये लागला, त्यांच्या बाजूने. संघटनेशी झालेला करार कंपनीने पुढे केला, पैसे परवडत नाहीत असंही सांगितलं, दोन्ही चाललं नाही. काम तंतोतंत एकच नसलं तरी व्यवहाराच्या नजरेने तशाच स्वरूपाचं आहे का हे पाहायचं, असं न्यायालयाने म्हटलं. दहा वर्षं लागली, हे मी मुद्दाम सांगतो. तुमच्या पिढीला तेवढा वेळ लागू नये असं मला मनापासून वाटतं, पण कागद मात्र तेवढी वर्षं टिकतील असे ठेवा.

पगाराबाबत एक समाधान आणखी आहे. खुर्ची हलवली, पदोन्नती नाकारली, या एकेका दिवशी घडून संपणाऱ्या घटना आहेत. कमी पगाराचं नुकसान दर महिन्याला नव्याने होतं. तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला. अशा सततच्या नुकसानीत उशीर आड येत नाही, मात्र मागची थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते. म्हणजे इथेही बसून राहिलात तर दर महिन्याला मागच्या टोकाचा एक महिना गळून पडतो.

आता ‘कामगार’ की ‘मॅनेजर’. यूएलपी असो की औद्योगिक संबंध संहितेखालचा वाद, हा उंबरठा आधी ओलांडावा लागतो. संहितेत व्यवस्थापकीय काम करणारे बाहेर, आणि १८ हजारांवर पगार घेणारे पर्यवेक्षकही बाहेर. ४६ हजार पगाराला ‘पर्यवेक्षक’ ठरलात की संपलं. पण कोर्ट हुद्दा पाहत नाही, हातून रोज काय काम होतं ते पाहतं. एका उलटतपासणीची आठवण सांगतो. आमचा माणूस बिलं तपासून यंत्रात भरायचा, हुद्दा मात्र ‘एक्झिक्युटिव्ह’. समोरच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, ‘तुम्ही नसता तर विभाग चाललाच नसता, नाही का?’ बारा वर्षं राबलेला माणूस. छाती फुगवून म्हणाला, ‘अर्थात! सगळे मलाच विचारून करायचे.’ त्या एका उत्तराने त्याचं प्रकरण गेलं. त्याच्या अभिमानात खोटं काहीच नव्हतं, पण रजा मंजूर करायचा, कुणाचं मूल्यमापन लिहायचा किंवा कुणाला मेमो द्यायचा अधिकार त्याला एक दिवसही नव्हता, आणि ते मात्र नोंदीवर आलं नाही. तुम्ही आजच लिहून काढा: कुणाची रजा मी मंजूर करते? कुणाच्या पगारावर माझी सही लागते? माझी स्वतःची रजा कोण मंजूर करतं? उत्तरांना पुरावा म्हणून मेल जोडा.

यूएलपी निवडलीत तर त्याच तक्रारीसाठी औद्योगिक विवादाचा रस्ता बंद होतो, आणि उलटंही. १९७१ च्या कायद्याचं कलम ५९ तेच सांगतं. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवू, जिथे लागेल तिथे लागेल, हे चालत नाही. नोकरी गेलेल्यांनी एक लक्षात ठेवावं, जुन्या कायद्यात कामावरून काढल्यापासून तीन वर्षांची मुदत होती, नव्या संहितेत समेट अधिकारी दोन वर्षांनंतरचा वाद हाती घेऊ शकत नाही. त्याच संहितेतल्या तक्रार निवारण समितीकडे (ही ‘पॉश’ची अंतर्गत समिती नव्हे) जायचं तर एक वर्ष.

कामगार नाही असंच ठरलं तर उरतो तो नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. तिथे नियुक्तिपत्राचं शेवटचं पान आधी वाचा. ‘वाद केवळ अमुक शहरातल्या न्यायालयात’ असं वाक्य बहुतेक कंपन्या घालतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी बँकेच्या प्रकरणात असं कलम वैध ठरवलं, आणि पाटणा व दिल्लीच्या कर्मचाऱ्यांना मुंबईत यावं लागलं. तुमच्या पत्रात गुरुग्राम लिहिलेलं असेल तर तुमचा प्रवास उलटा होईल. चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळता येतो, पण प्रामाणिकपणे आणि तत्परतेने प्रकरण चालवलं हे दाखवावं लागतं. नियुक्तिपत्र वाचलंच नाही, हे त्यात बसवणं कठीण.

सरकारी नोकरीतल्या वाचकांसाठी दोन ओळी. प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्याआधी खात्यातलं अपील करावंच लागतं, आणि अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. अपिलाला सहा महिने उत्तरच नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. इथे वाट पाहण्याला कायद्याने जागा दिली आहे. खासगी नोकरीत ती नाही. शेजारच्या सरकारी नोकराचा सल्ला ऐकून घोटाळा होतो तो इथेच.

कागदांविषयी. मरोळच्या पॅकिंग युनिटमधल्या एका बाईंना कामावरून काढल्याचं पत्र आलं होतं. पत्रावरच्या तारखेपासून मोजलं तर आमची तक्रार १०४ व्या दिवशी गेली होती. बाईंनी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून पत्राचं पाकीट काढलं, चहाचा डाग पडलेलं. त्यावरच्या शिक्क्यावरून पत्र १९ दिवस उशिरा त्यांच्या हाती पडल्याचं दिसलं. ८५ वा दिवस. विलंब माफीचा अर्जही लागला नाही. तेव्हापासून पाकीट टाकू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. मेलच्या बाबतीत तेच काम पूर्ण मेल करतो, तारीख-वेळेसह. स्क्रीनशॉट आठवणीला ठीक आहे, पण कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या, फोन विकू नका. स्वतःशी संबंधित मेल आणि पत्रं जपा. ग्राहकांची किंवा कंपनीची गोपनीय माहिती घरच्या मेलवर पाठवू नका, त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई होते.

आणि राजीनामा देऊ नका. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द लिहून मागतील, हिशेबाच्या कागदावर ‘माझं काहीही येणं बाकी नाही’ यावर सही मागतील. सही करणं भागच पडलं तर तिच्याशेजारी हाताने लिहा, ‘हक्क राखून, हरकतीसह’, आणि तिथल्या तिथे फोटो घ्या. राजीनामा दिलाच असेल तर तो स्वीकारला जाण्याआधी मेलने मागे घेता येतो.

१६ जुलै गुरुवारी येतो. सोमवारी, ६ तारखेला, कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलांकडे जा. नियुक्तिपत्र, १७ एप्रिलचं पत्र, तिन्ही मेल आणि तारखांचा तो कागद सोबत न्या. मसुदा आणि शपथपत्र ९ तारखेच्या गुरुवारपर्यंत तयार करायला सांगा, म्हणजे वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीतल्या औद्योगिक न्यायालयात तक्रार १३ तारखेच्या सोमवारी दाखल होईल. कार्यालयाने हरकत काढली तर दुरुस्तीला तीन दिवस हातात राहतील. पावसाचे दिवस आहेत, शेवटच्या दिवशी लोकलच्या भरवशावर राहू नका. अंतर्गत समितीची तक्रार याच आठवड्यात द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर त्याच संध्याकाळी स्पीड पोस्टने पाठवा, पावती तारखांच्या कागदामागे टाचून ठेवा.